अक्काचा वरचा फ्रीजर

आमच्या गल्लीतल्या अक्काच्या दारात पाय ठेवला, की आधी काम सांगितलं जाई आणि मग 'ये, बस' म्हटलं जाई. तिचा रक्तदाब तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही तिने माळ्यावरून पापडांचा डबा काढायला लावला होता. डॉक्टर शिडीवर, अक्का खुर्चीत. शेवटी रक्तदाब नक्की कोणाचा वाढला, ते आम्ही विचारलं नाही.

अक्का मूळची धुळ्याकडची, सासर जळगावचं. नवरा गेलेला, मुलगा पुण्याला. घरात ती एकटी. उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीला बर्फ मात्र तिच्याकडचा. फ्रीज तसे आम्हा सगळ्यांकडे आहेत, पण आमच्या फ्रीजरमध्ये मटार आणि आइस्क्रीम कोंबलेलं. अक्काचा फ्रीजर नुसत्या बर्फाचा. ऐन वैशाखात तिचा जुना फ्रीज बंद पडला आणि मुलगा नवा घेऊन द्यायला आला. दुकानात सोबतीला मी.

मुलाने पुण्याहूनच ठरवून आणलं होतं: फ्रीजर खाली, दूध-भाजी वर. अक्काचे गुडघे दुखरे, रोजचं वाकणं नको. सेल्समनने खालचा खण ओढून दाखवला.

"बर्फ लेवाले येल माणूसले मी वाकाले लावू का, भाऊ?" अक्काने विचारलं.

बिचाऱ्याला असा प्रश्न कोणी शिकवला नव्हता. त्याने शेजारी-शेजारी दोन उभी दारं असलेला फ्रीज दाखवला. "हाई ते कपडास्नं कपाट शे," म्हणून अक्का पुढे सरकली आणि वर फ्रीजर असलेल्या एका उंच फ्रीजपाशी थांबली. हात वर केला, तर बोटं फ्रीजरच्या मुठीपर्यंत पोचेनात. खालचा भाजीचा कप्पा बघायला वाकली, ती निम्म्यातच कण्हत सरळ झाली. "हाच द्या," म्हणाली.

मुलगा वैतागला. "अगं, वर तुझा हात पोचत नाही, खाली वाकता येत नाही. हा घेऊन करशील काय?"

"मना हात पुरी असा लिधा, ते माणसं कसाले येतीन?"

हात पोचेल असा घेतला तर माणसं येणार कशाला, या हिशोबापुढे मुलाने पाकीट काढलं. मी उगाच पंखे बघू लागलो.

तो फ्रीज आला आणि गल्लीची वेठबिगारी सुरू झाली. बर्फ न्यायला आलेल्याने ट्रे स्वतः काढायचा, पाणी भरून परत ठेवायचा, आणि 'आयेलच शे ते', म्हणजे आलाच आहेस तर, खालची वांगीही काढून द्यायची. माझी बायको दोन मिनिटांसाठी म्हणून जाई आणि मेथीची जुडी निवडून परत येई. आम्ही कुरकुरत असू, पण बर्फ नको असला तरी जात असू. ती आम्हाला आवडायची, एवढंच त्याचं कारण.

यंदा तिला चालणंच जमेना, तेव्हा मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. परवा मी फोन केला. तिथला फ्रीज कसा आहे, विचारलं. फ्रीजर खाली, दूध-भाजी बरोबर तिच्या उंचीवर.

"चला, सगळं हाताशी आलं, सोय झाली," मी म्हणालो.

पलीकडे तिने टीव्हीचा आवाज कमी केला.

"बठ्ठं हातले लागस, भाऊ," अक्का म्हणाली. "दिनभर कोणले हाक मारानं कामच पडत नही."