विहिरीची पाळी आणि दोन पंचमांश

गुरुजींनी एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज घातली. मी वरचे आकडे वरच्यांत, खालचे खालच्यांत मिळवून दोन पंचमांश लिहून मोकळी झाले. पाटीवर भलीमोठी फुली आली. लसावि काढा, छेद समान करा, असं गुरुजी दहादा ओरडले. का करायचे, ते मात्र एकदाही नाही!

भडगावजवळच्या आमच्या मळ्यात आई म्हशीसाठी सरकी भिजवत बसली होती. मी रडतरडत गणित सांगितलं. ती म्हणाली, "आपली विहीर तीन घरसनी शे. पानीनी पाळी अर्धी आपली, तिसरा हिस्सा काकूना. काकूनी तिनी पाळी आपले दिधी, तर आपलं पानी वाढई का कमी व्हई?"

माझे दोन पंचमांश तर अर्ध्याहूनही कमी होते. काकूची पाळी मिळाल्यावर आमचं पाणी वाढायलाच हवं होतं.

मग तिनं सरकीचे सहा दाणे ओट्यावर ओळीनं मांडले. सहा दिवसांनी पाळी फिरायची. तीन दिवस आमचे, दोन काकूचे, उरलेला एक शेजारच्यांचा. आमचे आणि काकूचे मिळून सहातले पाच!

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पाठ थोपटली. "कोणी शिकवलं?"

"आबांनी," मी म्हणाले. आबा, माझे वडील, सातवीची फायनल पास होते. आईला सहीसुद्धा येत नव्हती.

घरी येऊन, मी आबांचं नाव घेतलं हे तिला खरं सांगून टाकलं. ती नुसती हसली, आणि तिनं ओट्यावरचे ते सहा दाणे उचलून म्हशीच्या सरकीत टाकले.