भागाबाईंचं फाइन थँक्यू

भागाबाई सुनेवर पाळत ठेवतात, हे जळगावातल्या त्या गल्लीने एकमताने ठरवून टाकलं होतं. गल्लीला दोष तरी कसा द्यावा? सून कोकिळा दुपारी दोनला इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला निघाली, की लुगडं सावरत भागाबाई तिच्या मागे. वर्गात सहा बायका फळ्याकडे तोंड करून बसायच्या आणि या दाराशी, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडायच्या. शेजारच्या सुंदरबाईने एकदा तोंडावरच विचारलं, तर ताडकन म्हणाल्या की तरुण सुनेला एकटीला पाठवायला आमच्या घरची माणसं मेली नाहीत. सुंदरबाईने ते चार घरी जाऊन सांगितलं.

खरी गोष्ट नेमकी उलटी होती. कोकिळाला एकटीला जायची भीती नव्हती, भागाबाईंना एकटीने घरात राहायची होती. नव्वद सालच्या दिवाळीत धरणगावचं घर आवरून त्या मुलाकडे, अभिमनकडे राहायला आल्या. तेव्हापासून घरात कुणी नसलं की छातीत धडधड सुरू व्हायची, हातापायांना घाम सुटायचा, आता आपण मरतो असं वाटायचं. मग ओट्यावर येऊन बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला काहीबाही विचारत राहायचं. हे त्यांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला कारण झुंबरआत्या. भागाबाई परकरात होत्या तेव्हा ही आत्या अशीच म्हणाली होती, की माझा जीव घाबरतो. आधी भगताकडून अंगारे-उतारे झाले, मग नवऱ्याने दुसरी केली, आणि शेवटी वेडी झुंबर म्हणून ती माहेरच्या गोठ्यात मेली. त्यापेक्षा खाष्ट सासू म्हणवून घेतलेलं बरं, असं भागाबाईंनी ठरवलं. खाष्टपणा त्यांना मुळीच जमत नव्हता, पण बिचाऱ्या रेटून नेत होत्या.

वर्ग रईसा मॅडमचा. सकाळची शाळा करून दुपारी त्या घराच्या पुढच्या खोलीत शिकवायच्या. भागाबाईंना अक्का म्हणायच्या, दाराशी बसू द्यायच्या आणि वर चहाही द्यायच्या. त्यांचा पहिला नियम असा, की कुणी ‘हाऊ आर यू’ म्हटलं की ‘फाइन, थँक यू’ म्हणायचं आणि लगेच उलट विचारायचं, ‘अँड यू?’ बायका महिनाभर तेवढंच घोकत होत्या, आणि तांदूळ निवडता निवडता ते भागाबाईंनाही पाठ झालं. सुंदरबाईने बरं आहे ना विचारलं, की त्या झोकात ‘फाइन थँक्यू’ म्हणायच्या. ‘अँड यू’ मात्र त्यांनी गाळून टाकलं होतं. दुसऱ्याच्या भानगडीत आपण कशाला पडायचं, असं त्यांचं मत होतं.

कोकिळा शिकत होती ती नोकरीसाठी. गावात नवीन खासगी हॉस्पिटल निघालं होतं. तिथे काउंटरवर चार वाक्यं इंग्रजीत बोलणारी बाई हवी होती, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. अभिमन आईच्या शब्दाबाहेर नव्हता, आणि आईने मनात ‘नाही’ असं ठरवलं होतं. नऊ ते पाच एकटीने घरात राहायचं या विचारानेच त्या उठून ओट्यावर येऊन बसायच्या. आपल्या घरच्या सुना नोकरी करत नाहीत, हे वाक्यही त्यांनी तयार करून ठेवलं होतं. पण सून वही छातीशी धरून चालताना पाहिली की त्या ते उद्यावर ढकलायच्या. पोर गुणाची होती. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नाही म्हणून बायका टोचून बोलायच्या, तरी तिने कधी कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं.

त्या आठवड्यात मॅडमनी नवा धडा काढला. हॉस्पिटलात ताप-खोकल्याची माणसं येतात तशी मनाच्या त्रासाचीही येतात, त्यांच्याशी नीट कसं बोलायचं, असा. मॅडम म्हणाल्या की आपल्या भाषेत आपण फटकन ‘डोकं फिरलंय का’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत निदान शिकवलंय तेवढंच बोलाल. मग त्यांनी फळ्यावर वाक्यं लिहिली आणि अर्थ सांगितला. आधी म्हणायचं, तुम्ही जरा दमलेल्या दिसता. मग विचारायचं, आर यू ऑलराइट? समोरच्याने काही सांगितलं तर औषध सुचवायचं नाही, उपदेश करायचा नाही. सांगितल्याबद्दल आभार मानायचे, थँक यू फॉर टेलिंग मी. आणि विचारताना डोळ्यांत बघायचं, वहीत नाही.

सरावाला जोड्या लागल्या. यावलहून येणारी एक बाई एसटी चुकल्यामुळे आली नव्हती, म्हणून कोकिळा एकटी उरली. मॅडम दाराकडे वळून म्हणाल्या, “अक्का, तुम्ही बसा समोर. तुम्हाला फक्त फाइन थँक यू म्हणायचंय, ते तर येतंच.”

भागाबाई सूप बाजूला ठेवून ऐटीत येऊन बसल्या. कोकिळाने त्यांच्याकडे पाहिलं. एरवी घरात दोघींची नजर भाकरीच्या तव्यावर नाहीतर दुधावर असायची. तिने हळू आवाजात विचारलं, “यू लुक अ लिटल टायर्ड, बाई. आर यू ऑलराइट?”

उत्तर भागाबाईंच्या जिभेवर होतं. पण साठ वर्षांत कुणी असं थांबून, डोळ्यांत बघून विचारलं नव्हतं. तोंडातून आलं, “नो.”

बायका हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

“नही शे वं मी बरी,” भागाबाई अहिराणीत म्हणाल्या. “तुम्ही बठ्ठा बाहेर गयात का मना जीव घाबरस. एकलीले घरमा भ्याव लागस. म्हनीसन तुना मांगे येस मी. तू नोकरीले गयी म्हंजे मी काय करसू?”

असं ऐकल्यावर मराठीत काय म्हणतात, हे कोकिळाला आजवर कुणी शिकवलं नव्हतं. पुढचं वाक्य फळ्यावर होतं, तेवढंच सापडलं. “थँक यू फॉर टेलिंग मी,” ती म्हणाली आणि सासूचा हात धरून रडायला लागली. आता भगत बोलावतील, अशी भागाबाईंची खात्री होती. आभार मानतील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

त्या हॉस्पिटलात दर गुरुवारी धुळ्याहून मनाचे डॉक्टर यायचे. कोकिळा सासूला त्यांच्याकडे घेऊन गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, आणि हा आजार पुष्कळांना असतो, बराही होतो, असं सांगितलं. बाहेर आल्यावर भागाबाई एवढंच म्हणाल्या, “झुंबरआत्याले कोनी इचारंच नही वं.”

कोकिळा नोकरीला लागली. पहिले दोन महिने भागाबाई काउंटरसमोरच्या बाकावर सूप घेऊन बसायच्या. पेशंटना वाटायचं, या हॉस्पिटलच्याच. मग अर्धा दिवस घरी आणि मग पूर्ण दिवस. अभिमन टेलिफोन खात्यात, त्यामुळे घरात फोन होता. रोज दुपारी एकला तो वाजायचा. कोकिळासमोर पेशंट आणि भागाबाईंसमोर सुंदरबाई, म्हणून विचारपूस इंग्रजीतच चालायची. बहुतेक दिवस ‘फाइन, थँक यू’ असायचं. एखाद्या दिवशी ‘नो’ आलं, की धडधड ओसरेपर्यंत कोकिळा बोलत राहायची. एकटं बाहेर जाण्याची भीती तेवढी उरली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातही त्या कुणालातरी सोबत घेऊन जायच्या. फोन ठेवला की सुंदरबाई विचारायची, “वहू काय म्हनस?” भागाबाई तोऱ्यात म्हणायच्या, “ते इंग्रजीमा शे.”

असं वर्षभर चाललं. एका दुपारी फोन आला तेव्हा कोकिळाचा आवाज बसल्यासारखा वाटला. भागाबाई सवयीने ‘फाइन, थँक यू’ म्हणाल्या आणि फोन खाली ठेवता ठेवता थांबल्या. ही पोर आपल्याला रोज विचारते. मूल का नाही, असं तिला सगळ्या गल्लीने विचारून झालं. तू कशी आहेस, हे कुणी विचारलं? आपण तरी कधी विचारलं? त्यांना स्वतःची लाज वाटली. गाळलेले ते दोन शब्द त्यांनी मोठ्या कष्टाने आठवले.

“अँड यू?”

पलीकडे पेशंटला ‘जरा थांबा’ म्हटल्याचं ऐकू आलं. मग कोकिळा म्हणाली, “नो, बाई.”

काय झालं, हे भागाबाईंनी विचारलं नाही. “थँक यू फॉर टेलिंग मी,” त्या म्हणाल्या. “येस मी तुनाकडे.”

सुंदरबाईला तशीच ओट्यावर सोडून त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि चपला घातल्या. भाजीबाजार, रेल्वेचं फाटक, स्टेशनचा रस्ता ओलांडत त्या भराभरा गेल्या. हॉस्पिटलच्या दारात त्यांना पाहून कोकिळा काउंटर सोडून धावत आली, आणि डोळे पुसत त्यांच्या मागे कुणी दिसतं का ते बघू लागली.

“बाई, कोणासोबत आल्या?”

भागाबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.