दारात आलेलं कोरड्यास
आमटीसाठी येसराचा मसाला भाजला की मला नळदुर्गच्या किल्ल्याजवळचा तो डाकबंगला आठवतो. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता आणि वडिलांना किल्ल्यातला पाणीमहाल दाखवायची भारी हौस, म्हणून आम्ही पुण्याहून तिथं चार दिवस राहायला गेलो. स्वयंपाक आपला आपण करायचा होता. पण एसटीत रॉकेलची बाटली डाळतांदळावर सांडली आणि खाण्याजोग्या उरल्या फक्त दशम्या. आई रडवेली झाली. तेवढ्यात चौकीदाराच्या बायकोनं दारातून विचारलं, "कोरड्यास हाय का वो बाई?" आईला वाटलं, ही कोरडं खाणं आहे का विचारतेय. "आहे ना, भरपूर आहे," ती ताठ्यात म्हणाली. बाई गेली. पाण्याची घागर घेऊन परतली, तेव्हा आम्ही दशमीचे घास कसेबसे गिळत होतो. "आन् कोरड्यास कुठंय?" आईनं दशमी उचलून दाखवली, "ही काय, कोरडीच आहे की!" बाई तोंडाला पदर लावून हसत सुटली, घरी गेली आणि वाफाळती आमटी घेऊन आली. "ह्येला म्हणत्यात कोरड्यास. खावा आता पोटभर." आमचा एकेक अशुद्ध शब्द सुधारणारी आई त्यानंतर जन्मभर आमटीला कोरड्यासच म्हणाली. माझ्याही घरात आज आमटी होत नाही, कोरड्यास होतं.