फिलूची बाजू

बेनी गेल्याचं त्याच्या पुतण्याने फोनवर सांगितलं आणि लगेच विचारलं, "काका, व्हॅनचं काय करायचं?" प्रश्न मला आगाऊ वाटला नाही. बोरिवलीच्या गावठाणात बेनीच्या दाराशी उभी असलेली ती व्हॅन म्हणजे त्या घरातलं उरलेलं शेवटचं माणूस होतं.

मुलुंडच्या कारखान्यात आम्ही दोघं बरोबर नोकरीला होतो. निवृत्त झाल्यावर त्याच्या बायकोचे, फिलूचे, गुडघे गेले. मनोरीला माहेरी जायचं तर तिला व्हॅनची पायरी चढवेना. बेनीने स्प्रिंगा बदलून अख्खी गाडीच खाली आणली. पण गाडी खाली बसली तशी मागची चाकं एका अंगाला सरकली, डावं मडगार्डला घासू लागलं. मग आम्ही गाडीखाली शिरून, अॅक्सलला जागेवर धरून ठेवणारा आडवा दांडा थोडा थोडा फिरवत राहिलो, दोन्ही चाकं मडगार्डांच्या मधोमध येईपर्यंत. फिलू मागे डाव्या खिडकीशी बसली. "बघ, आता कशी बसले झकास!"

पुढे ती गेली...

थोड्याच दिवसांत बेनीने मला बोलावलं. गाडी रिकामी, तरी डावं चाक घासत होतं. स्प्रिंगा पाहिल्या, दांडा पाहिला. काहीच सैल नव्हतं. चाकं पुन्हा मधोमध आणली. चहा पिऊन बाहेर येतो तर डावी बाजू खाली कललेली, चाक मडगार्डला टेकलेलं.

"बेनी, परत लावू या."

त्याने पाना पुसून ठेवून दिला. "राहू दे रे. बसलीय ती. उगाच कशाला उठवायचं?"

तेव्हापासून दर रविवारी तो मनोरीला जाऊन यायचा, सावकाश, चाकाची घरघर ऐकत. मी गेलो तर पुढेच बसायचो. एकदा उत्तनच्या वळणावर तो मागे न बघता म्हणाला, "फिलू, धर नीट..." आणि मागची सीट करकरली.

दफनानंतर मी व्हॅनपाशी गेलो. कुणी हात लावला नव्हता. मागची दोन्ही चाकं मधोमध होती, गाडी सरळ उभी होती. फक्त पूर्वीपेक्षा खाली, दोन्ही बाजूंनी सारखी. बेनीला आयुष्यभर गाडीत फिलूशेजारी बसायला मिळालं नव्हतं. गाडी तोच चालवायचा.

"गिऱ्हाईक आलंय, काका," पुतण्या म्हणाला.

"विकू नकोस. किल्ली दे मला."

गेल्या रविवारी मी व्हॅन मनोरीला नेली. चाक कुठेच घासलं नाही. आरशात मात्र मी एकदाही पाहिलं नाही.