न घेतलेला हसरा शॉट

शेवटी नियती निर्दोष सुटते. हे आधीच सांगून टाकलं, चुकलं. सांगितलंच नाही असं समजा.

तर दुपारचे तीन वाजलेत आणि डबिंग स्टुडिओच्या सोफ्यावर सहायक दिग्दर्शक कौस्तुभ नाडकर एक पाय झोपेत, एक पाय बाहेर असा पडलाय. चार वाजता केरकरकाकू येणार आहेत. त्यांनी फोनवर एकच विचारलंय, सेटवर ह्यांना बरं नव्हतं का? समोर बसून सांगतो, असं कौस्तुभ म्हणालाय. काय सांगायचं ते तासाभरात ठरवायचंय.

सिनेमा नियतीवरचा. तालुक्याच्या कचेरीत एक यंत्र असतं, ते प्रत्येकाला उरलेल्या आयुष्याची छापील प्रत देतं. एक म्हातारा कारकून ती घ्यायला नकार देतो आणि आपल्या मर्जीने जगून मरतो. यंत्र पिठाच्या गिरणीचं बनवलं होतं, म्हातारा केरकरकाकांचा, म्हणजे काकूंच्या ह्यांचा. आता मरणाचा सीन दिला की नटाने लगेच उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे अपशकुन उतरतो, असा सेटवरचा रिवाज. कौस्तुभने तो हसरा शॉट घेतलाच नाही. आपण नियतीला नाकारणारा सिनेमा करतोय, असं भाषण ठोकून त्याने पॅकअप केलं. पाचव्या दिवशी काका डेंग्यूने गेले. तेव्हापासून युनिट त्याला अपशकुनाचा मालक समजतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही त्याची हरकत नसते.

"सरक जरा," काका म्हणतात.

ते सोफ्याच्या कडेला बसतात. अंगात कारकुनाचा कोट, नाकात कापूस. कापसाने आवाज बसलाय. हे सगळं पुन्हा डब करावं लागणार, असं कौस्तुभच्या मनात येतं.

"काका, तेवढं हसून टाका ना. आत्ता घेतो."

सोफा कचेरीच्या रांगेत आहे. पुढचे सगळे आपापल्या उशा घेऊन उभे. काका खिडकीशी चौकशी करतात. आतला माणूस रजिस्टर चाळून सांगतो की न हसल्यामुळे कुणी मेल्याची आमच्याकडे एकही नोंद नाही. शिवाय त्या आठवड्यात नियतीचा सगळा स्टाफ संपावर होता; तेव्हा जे काही झालं ते लोकांनी आपापलं केलेलं आहे.

कौस्तुभ हुज्जत घालतो. कुठेतरी लिहिलेलं असणारच, नीट बघा, म्हणतो. खिडकी बंद होते. जेवणाची सुट्टी.

"तुला ते हसूच का हवंय रे?" काका विचारतात.

"तेवढंच राहिलं होतं ना."

"तेवढंच?"

रांग हॉस्पिटलच्या वॉर्डात उभी आहे. सलाईनच्या स्टँडला शूटिंगची क्लॅपची पाटी टांगलीय. काका कौस्तुभचा हात धरून आपल्या कपाळावर ठेवतात. कपाळ तव्यासारखं.

"मरणाच्या सीनच्या आदल्या दिवशी रजा मागितली होती तुझ्याकडे. अंग मोडून आलंय, दोन दिवस सोड. तू काय म्हणालास?"

कौस्तुभला त्या दिवसाची लेन्स आठवते, जेवणातली वांग्याची भाजी आठवते, आणि इलाजच नसल्यामुळे तेही आठवतं.

"म्हणालो, चेहरा मस्त उतरलाय काका, असाच ठेवा. मरायला मेकअप लागणार नाही."

"अख्खं युनिट हसलं," काका म्हणतात. "मीसुद्धा हसलो. तेव्हाच घ्यायचा होतास शॉट."

कौस्तुभ विचारतो, काकूंना काय सांगू? काका कोटाचं बटण लावत म्हणतात की तिचा पत्रिकेवर भारी विश्वास. नशिबात होतं म्हणालास तर चहा पिऊन जाईल बिचारी, वर तुझंच सांत्वन करेल. तू ठरव.

कौस्तुभ जागा होतो. चार वाजून गेलेत. मुठीत शूटिंगच्या वेळांची चुरगळलेली कॉलशीट, तिच्या कोऱ्या बाजूवर ओल्या शाईत काहीतरी लिहिलेलं. अक्षर त्याचं, सही केरकरकाकांची. काकू दारात उभ्या आहेत. तो 'नशिबात' एवढं म्हणतो आणि थांबतो. मग उठून कागद त्यांच्या हातात देतो. काकू चष्मा लावतात.

'मा. सहायक दिग्दर्शक यांस. विषय: रजेबाबत. अर्जदाराने ताप असल्याने दोन दिवसांची रजा तोंडी मागितली होती, ती आपण नामंजूर केली. तरी सदर रजा मागील तारखेपासून मंजूर करून अर्जदारास पुन्हा कामावर रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती.'