क्रीमरोलचा दर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका काकांची बेकरी आहे. गिऱ्हाइकाशी बोलताना ते काउंटरवर पोट टेकवून उभे राहतात आणि बरीचशी वाक्यं ‘की’वर संपवतात. गोडावर कर लावला तर लठ्ठपणा घटेल, असं त्यांनी पेपरात वाचलं आणि सरकारची वाट न बघता क्रीमरोल पाच रुपयांनी महाग केला.

“लोक सुधरतात का बघू की,” म्हणाले.

मी सुधारलो नाही. जादा पैसे देऊन रोज दोन खात राहिलो.

आठवड्याने, गावाहून परतलेली, विड्या वळणारी एक बाई आली, अंगाने अगदी काडी. दुपारी चहाबरोबर एक क्रीमरोल, एवढंच तिचं खाणं असायचं. दर ऐकून तिने उचललेला क्रीमरोल परत ठेवला आणि ती निघाली. ते तिच्यामागे धावले, जुन्या दराने तो तिला देऊन धापा टाकत परतले.

“जिनं खायला पायजे तीच थांबली, साहेब. तुमी तर थांबत न्हाई की. मग कर कुणावर लावायचा?”

त्यांनी पाटीवरचा दर पुसला, पण नवा काही लिहिला नाही. आता क्रीमरोल मागितला की ते दर सांगण्याआधी विचारतात, “कुणासाठी?” आणि मला दरवेळी खोटं बोलावंसं वाटतं.