समासरेषेला आलेले पोक

बोरिवलीच्या कचेरीसमोर बसून मी लोकांचे अर्ज लिहीत असे. पट्टीने समास आखल्याखेरीज माझी लेखणी पुढे सरकत नसे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सूज उतरवणारे थेंब दिले होते. डोळ्याची लाली गेली तशी मी बाटली फडताळात ठेवली. आमच्या व्यवसायात निकाल लागला की प्रकरण बंद होते.

काही दिवसांनी माझ्या समासरेषेला मधोमध पोक आले. मी पट्टी बदलली, दुकानदारास खडसावले. पत्नी म्हणाली, "अहो, दाराची चौकट बघा बरं." चौकटही वाकडीच! मी तत्काळ घरमालकाविरुद्ध अर्ज लिहावयास बसलो.

"अर्ज राहू द्या, दवाखान्यात चला."

डॉक्टरांनी डोळा तपासला. "आतल्या पडद्यावर मधोमध सूज आलीय. थेंब घालायचे का थांबवलेत? नजर गेली तर लिहिणार कसे?"

घरी येताच मी फडताळातली बाटली बाहेर काढली.

त्यानंतर रोज पत्नी बाटली घेऊन उशाशी उभी राही. "वर बघा. वकिली नको." सूज सावकाश ओसरली. अखेर एका सकाळी समासरेषा सरळ उतरली. मी कागद अभिमानाने तिच्यापुढे धरला.

"अगंबाई," ती म्हणाली, "सुधारली हो तुमची पट्टी!"